ऐरणीचं पाणी

सावेडी आता नगर शहरातच धरतात. आम्ही ज्वारी पेरायचो त्या रानात बंगले उभे राहिले. नांगर गेले, बैल गेले, मग लोहाराची भट्टी तरी कशी राहणार? लोहारतात्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा माझा दोस्त, तोही गेला. परसातल्या छपराखाली बाभळीच्या ओंडक्यावर ऐरण तेवढी बसून होती.

एक दिवस वहिनींचा निरोप आला, "भाऊजी, भंगारवाला ऐरणीला किलोला तीस रुपये म्हणतोय. तुम्हाला लोखंडातलं कळतं, बघून जा."

कळतं हे खरं. फाळ शेवटून मिळेपर्यंत भाता ओढायचं काम पोरांचंच असायचं, तिथं बसून शिकलो. बेअरिंगचा छर्रा खिशात टाकून गेलो.

गंज पुसला तर अंगावर आकडे निघाले : १ ० १४. ही विलायती वजनाची खूण. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे १२६ पौंड, साधारण ५७ किलो. तोंडावर फुटपट्टी आडवी ठेवली, मधे जरा उजेड दिसला. कडा दोन जागी उडालेल्या. पण हातोडीनं ठोकत गेलो तर सगळीकडं टण्ण वाजली. वरचं पोलाद सुटलेलं असतं तर तिथं आवाज बद्द आला असता. मग छर्रा वीतभर उंचीवरून सोडला, तो पाऊण वीत उसळला. आगीत सापडलेल्या ऐरणीचं पाणी जातं, तिच्यावर छर्रा मरतो. हिचं पाणी शाबूत होतं.

नागापूरच्या एमआयडीसीतला एक ओळखीचा कारखानदार अशा ऐरणीला आठ हजार द्यायला तयार होता. ते मी बोललो नाही. म्हणालो, "कडा उडाल्यात वहिनी, मधे बसलीय. दोन हजार देतो."

"तुम्ही म्हणाल ते," वहिनी म्हणाल्या.

एक शब्द खोटा नव्हता. भंगारवाल्यापेक्षा तीनशे जास्तच दिले होते. तरी रात्री डोळा लागेना. घोडेगावच्या बाजारात मी जन्मभर असाच सौदा केला. बैलाची खोड घेणाऱ्यानं हुडकायची, विकणाऱ्यानं गुण सांगायचे. त्यात पाप वाटलं नाही, कारण दात दोघांनाही मोजता येतात. इथं मोजता येत होते ते एकट्या मला. आणि मला बोलावलं होतं ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, जाणता म्हणून. जाणत्यानं निम्मं खरं सांगून गप्प बसणं, ह्याला सौदा म्हणायचं का?

त्यात १९७२ आठवलं. दुष्काळात आई-बाप खडी फोडायला जायचे. पहारी, टिकाव बोथट झाले की तात्या ह्याच ऐरणीवर शेवटून द्यायचे. दाण्याचा कण नव्हता, बलुतं कुठलं देणार? "सुगी आली की बघू," म्हणायचे. पुढं सुगी आली, बापानं नेहमीचं बलुतं घातलं. मागल्या सालाचं ना तात्यांनी मागितलं, ना आम्ही काढलं. माझ्या घरचं जुनं देणं ज्या ऐरणीवर बसलेलं, तीच मी पाडून घेतली होती.

सकाळी ऐरण कारखान्यात पोचवली, आठ हजार घेतले आणि वरचे सहा वहिनींपुढं ठेवले. सगळं सांगितलं.

त्यांनी पैसे मोजले नाहीत. चहा ठेवला. कप हातात देताना एवढंच म्हणाल्या, "मग भाऊजी, कालच का नाही सांगितलं?"

चहा संपेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.