प्रीतीचे कष्ट
प्रीतीची आज्ञा करता येते काय? भावना हुकमाने उपजत नाही, हे कोणीही मान्य करील. आणि तरीही परस्परांवर प्रीती करणे ही ख्रिस्ती धर्मविचारात आज्ञाच मानली गेली आहे. ह्या विसंगतीची उकल पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सापडते, असे मला वाटते. इसवी सन ५० च्या सुमाराच्या ह्या पत्रात तो प्रीतीला जोडून ‘कोपोस’ हा ग्रीक शब्द योजतो. कोपोस म्हणजे अंग मोडून टाकणारे, दमवणारे कष्ट. भावनेची आज्ञा करता येत नसली, तरी कष्टांची करता येते आणि लक्ष देण्याचीही करता येते. शेजारचे कोण उपाशी आहे, कोणाची झोप खोकल्याने मोडते, हे पाहणे मनाच्या लहरीवर सोडण्याची गोष्ट नव्हे.

मात्र हे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न धर्मोपदेशात क्वचितच विचारला जातो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त तो हसतहसत विचारलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे औदार्य अकृत्रिम होते, ह्यात शंका नाही. पण त्यांनी घरी आणलेल्या माणसाचे ताट अखेर चुलीपुढच्या बाईलाच वाढावे लागे. एकाची प्रीती आणि दुसरीचे कष्ट, अशी ही वाटणी. लक्ष्मीबाईंची तक्रारही प्रेमळ असल्यामुळे वाचक ती विनोद म्हणून घेतो. आम्ही समीक्षकांनी तरी दुसरे काय केले?

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात ही वाटणी निराळी दिसते. स्वतः रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून त्यांनी ज्या मुली आणल्या, त्यांच्यापैकीच थोरल्या पुढे धाकट्यांना सांभाळू लागल्या, विणू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. वृद्ध व अपंग स्त्रियांच्या घराला तेथे ‘प्रीतिसदन’ म्हणत. परतफेडीची आशा जेथे सर्वांत कमी, त्या घराला हे नाव मिळाले!

अर्थात आश्रय आणि धर्म एकाच हाताने दिला, तर घेणाऱ्याला निवड कितपत उरते, ही शंका रास्तच आहे. १८९३ साली धर्मप्रसाराच्याच वादातून रानडे आणि भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांना केवळ सनातनी भीतीने ग्रासले होते, असे म्हणता येणार नाही. पण मुक्तीत एकमेकींसाठी झालेले श्रम ह्या शंकेने खोटे ठरत नाहीत.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते संस्कृतप्रचुर भाषा टाळून, बेताचे शिकलेल्या स्त्रीलाही कळावे म्हणून. विद्वत्तेची ही पंडिता आपली विद्वत्ता शब्दाशब्दाला आवरते. हेही एक लक्ष देणेच. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला, मुक्तीच्याच छापखान्यातून, तेथल्याच स्त्रियांच्या हातांनी.