श्रवणाचा अधिकार आणि मनावरचा पहारा

कोणत्याही सत्तेला टिकून राहण्यासाठी दंड आणि संमती या दोन गोष्टी लागतात. दंड म्हणजे शिक्षा करण्याचे बळ आणि संमती म्हणजे ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांनी ती योग्य, किंवा निदान अटळ, मानणे. दंड खर्चिक असतो, कारण त्यासाठी जागोजागी शिपाई उभा करावा लागतो. संमती मात्र एकदा मनात रुजली की आई ती मुलाला आपणहून शिकवते. ही संमती घडवण्याचे सर्वांत जुने साधन ज्ञानाच्या वाटा अडवणे हे होय. या अडवणुकीची दोन अंगे आहेत: एखादा ग्रंथ, नाटक किंवा भाषण लोकांपर्यंत पोचू न देणे हे पहिले, आणि आपल्याला काही नाकारले गेले आहे ही जाणीवच लोकांच्या मनात उमटू न देणे हे दुसरे. पहिल्याला अभिव्यक्तीवरील नियंत्रण आणि दुसऱ्याला मनावरील नियंत्रण म्हणता येईल. पहिले दुसऱ्यात मुरते तेव्हाच सत्तेचे वर्चस्व पिढ्यानुपिढ्या टिकते, हे समजून घेण्यासाठी भारतीय धर्मविचारातील ‘अधिकार’ या संकल्पनेइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

शास्त्रीय परिभाषेत अधिकार म्हणजे विशिष्ट विद्या किंवा कर्म स्वीकारण्याची पात्रता. वेदान्तातील प्रकरणग्रंथ विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार ‘अनुबंध’ आरंभीच स्पष्ट करतात. अद्वैत वेदान्त आपल्या अधिकाऱ्याची लक्षणेही सांगतो: नित्य काय आणि अनित्य काय यांचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शम-दम आदी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ. या चौकडीला ‘साधनचतुष्टय’ म्हणतात, आणि तिच्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. वैद्यकाचे शिक्षण न घेतलेल्याच्या हाती कोणी शस्त्र देत नाही, तसेच मनाची तयारी नसलेल्याला तत्त्वज्ञान पचणार नाही, असे म्हणणे सयुक्तिकच आहे. शिवाय ही चारही साधने प्रयत्नाने मिळवता येतात. प्रश्न उभा राहतो तो या यादीला जन्माची अट जोडली जाते तेव्हा, कारण ती अट कोणत्याही प्रयत्नाने पुरी होत नाही.

ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात ‘अपशूद्राधिकरण’ नावाचे प्रकरण (सूत्रे ३४ ते ३८) आहे, आणि शूद्राला वेदाधारित ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असा त्याचा निर्णय आहे. शंकराचार्यांनी त्यावरील भाष्यात गौतम धर्मसूत्रातील नियमाचा आधार घेतला आहे. त्या नियमानुसार वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतावी, उच्चारणाऱ्याची जीभ छाटावी आणि वेद स्मरणात ठेवणाऱ्याच्या शरीराचे तुकडे करावेत. ऐकणे, उच्चारणे आणि स्मरणे ही मौखिक परंपरेतील ज्ञानाची तीनही दारे येथे एकेक करून बंद केलेली दिसतात. अशा नियमाचे काम अंमलबजावणीवर फारसे अवलंबून नसते. तो नुसता माहीत असला तरी माणूस त्या दाराकडे फिरकत नाही. आणि हे सारे घडते ते सर्व भूतांत एकच आत्मतत्त्व आहे असे सांगणाऱ्या दर्शनाच्या अंगणात.

निर्णय टिकवण्यासाठी श्रुतीतील कथांचा अर्थ कसा लावला गेला, हे जवळून पाहण्याजोगे आहे. छांदोग्य उपनिषदात गाड्याखाली बसून अंग खाजवणारा रैक्व, विद्या मागण्यासाठी आलेल्या दानशूर जानश्रुती राजाला सरळ ‘शूद्र’ अशी हाक मारतो आणि अखेर त्याला संवर्गविद्याही सांगतो. शूद्राला ही विद्या मिळाली असा सरळ अर्थ यातून निघू शकला असता. परंतु सूत्रकार ‘शूद्र’ शब्दाची फोड ‘शोकाने ग्रासलेला’ अशी करतात आणि जानश्रुती क्षत्रियच होता असे पुढील संदर्भावरून ठरवतात. त्याच उपनिषदातील सत्यकाम जाबाल याला आपले गोत्र ठाऊक नाही. तरुणपणी अनेकांच्या घरी सेवा करताना तू झालास, त्यामुळे गोत्र मलाही माहीत नाही, हे आईचे उत्तर तो हारिद्रुमत गौतमांना जसेच्या तसे सांगतो आणि गौतम त्याचे उपनयन करतात. सत्यापुढे जन्माचा प्रश्न गौण ठरवणारी म्हणून ही कथा वाचता येते. अपशूद्राधिकरणात मात्र तीच कथा, सत्य बोलण्यावरून तो शूद्र नाही हे ठरल्यावरच गौतमांनी उपनयन केले, अशा रीतीने जन्माच्या अटीचा पुरावा म्हणून उभी राहते.

परंपरेत दुसरा आवाज नव्हता असे नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत यज्ञकर्माचा अधिकार सर्वांना आहे असे बादरी या आचार्यांचे मत नोंदवलेले आहे; पण ते खंडनासाठी मांडलेला ‘पूर्वपक्ष’ म्हणून. आणि ते मत ज्यांच्या बाजूचे होते, त्यांनाच तो ग्रंथ वाचण्याची वाट बंद होती. ज्ञानबंदीचे मर्म येथे हाती लागते. ज्याला वेद ऐकता येत नाही त्याला वेदात आपल्याविषयी नेमके काय म्हटले आहे हेही तपासता येत नाही, आणि त्यामुळे ज्या आधारावर त्याला बाहेर ठेवले जाते तो आधार खरा की खोटा हे ठरवण्याचे साधन बाहेर ठेवणाऱ्याच्याच हाती राहते. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असलेल्या या खटल्यात आरोपीला कागदही पाहू दिले जात नाहीत.

तरीही केवळ बंद दारामुळे मन ताब्यात येत नाही, कारण बंद दार कुतूहल जागवते. त्या कुतूहलाचे समाधान करण्याची सोय जोडीनेच केलेली होती. शूद्राचा जन्म हा पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे असे एकदा पटले की अन्यायाची तक्रार करायला समोर कोणी उरत नाही. तक्रार स्वतःवरच येऊन पडते. विदुर आणि धर्मव्याध हे शूद्र मानले गेलेले असूनही ज्ञानी कसे झाले, या अडचणीच्या प्रश्नाचे उत्तर शंकराचार्य पूर्वजन्मीच्या संस्कारांच्या आधारेच देतात. याच्याच जोडीला इतिहास आणि पुराणे ऐकण्याचा अधिकार चारही वर्णांना आहे, असेही ते नमूद करतात. याचा अर्थ रिकामी ठेवलेली जागा भरण्यासाठी दुसरे साहित्य पुरवले गेले. कोणतीही जाणती सत्ता नुसते काढून घेत नाही. काय ऐकावे, कशावर भक्ती ठेवावी आणि कशाला आपले प्रारब्ध म्हणावे हेही ती पुरवते.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला पहिला मोठा प्रश्न भक्तिपरंपरेतून विचारला गेला. ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतेचा अर्थ मराठीत आणला आणि अठराव्या अध्यायात वेदावर कृपणतेचा आरोप ठेवला: वेद संपन्न खरा, पण तो तीनच वर्णांच्या कानाशी बोलला, आणि स्त्रीशूद्रांना दूर ठेवण्याचे हे उणेपण गीतेने भरून काढले, असे त्यांचे म्हणणे आहे. वेदाचा मान राखून त्याचा कंजूषपणा चारचौघांत सांगण्याची ही रीत मार्मिक आहे. सतराव्या शतकात तुकारामांच्या बाबतीत अधिकाराचा तोच प्रश्न उघड संघर्षाच्या रूपाने आला. शूद्राने अभंगांतून वेदार्थ सांगावा हे रामेश्वर भट्टांना मान्य झाले नाही आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या ही श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते: कीर्तनातून शेकडो लोकांच्या मुखी गेलेले काव्य वही बुडवून बुडत नाही. ज्या मौखिक मार्गाने वेद मूठभरांपुरता राखला गेला, त्याच मार्गाने अभंग सर्वांचा झाला.

मात्र संतांनी अध्यात्माचे दार उघडले तरी सामाजिक अधिकाराची चौकट मोडली नाही, याचा पुरावा १८९९ मध्ये कोल्हापुरात मिळाला. पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे लक्षात आले, आणि वेदोक्ताचा अधिकार क्षत्रियांना आहे आणि महाराज क्षत्रिय नाहीत, असे पुरोहितवर्गाचे म्हणणे पुढे आले. भाष्यकारांनी आखलेली वेद आणि पुराण यांमधली रेषा हजाराहून अधिक वर्षांनी एका राजाच्या स्नानापर्यंत येऊन पोचली होती. राज्य, खजिना आणि फौजफाटा हाती असलेल्या माणसालाही मंत्रावरची सत्ता आपली नाही हे कळावे, यातून त्या सत्तेचे स्वरूप स्पष्ट होते. शाहू महाराजांनी पुढे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तो या वादातून निघालेला सर्वांत दूरगामी निष्कर्ष मानला पाहिजे.

याच काळातील ब्रिटिश सरकारचे नियंत्रण याच्याशी ताडून पाहता येते. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरील कायदा, १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांवरील कायदा, टिळकांवरील राजद्रोहाचे खटले आणि १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर आलेली बंदी ही सारी दिसणारी, शिक्का मारलेली नियंत्रणे होती. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता, आणि बंदीने ती ओळख अधिकच पक्की केली. दिसणाऱ्या बंदीविरुद्ध बोट दाखवता येते, मोर्चा काढता येतो. उलट १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले तेव्हा त्यावर कोणी बंदी घातली नाही. ते केवळ स्वीकारले गेले नाही आणि फुल्यांच्या हयातीत प्रकाशितही झाले नाही. गर्भवती स्त्री आणि तिचा नवरा यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी हा त्या नाटकाचा विषय होता, म्हणजे मनावरील नियंत्रण हाच विषय होता. अशा नियंत्रणाचे चित्र शांतपणे बाजूला पडते तेव्हा त्याची वार्ताही होत नाही.

१८७३ च्या ‘गुलामगिरी’त फुल्यांनी या यंत्रणेच्या गाभ्यालाच हात घातला. शूद्रातिशूद्रांना पुरवलेल्या पुराणांतील अवतारकथाच त्यांनी उलट्या बाजूने वाचल्या. वामन हा कपटी आक्रमक आणि बळी हा प्रजेचा न्यायी राजा ठरला. हे वाचन आकाशातून पडलेले नव्हते. कथेत वामन देव होता, तरी मराठी शेतकऱ्याच्या घरी दिवाळीला बळीचेच राज्य परत यावे अशी इच्छा बोलली जात होती, म्हणजे मन संपूर्णपणे ताब्यात आलेले नव्हते. अविद्येतून अनर्थांची साखळी कशी सुरू होते हे त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगितले, आणि पुण्यात मुलींसाठी शाळा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्येच काढलेली होती. विचार आणि शाळा या दोन्ही गोष्टी एकाच बंदीवरचे उपाय होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत ग्रंथांत प्रवेश मिळवला, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ग्रंथ जाळणे हेही नियंत्रणच नव्हे काय, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे. ग्रंथ नष्ट करणाऱ्या सत्तेला तो कोणी वाचू नये असे वाटत असते. आंबेडकरांनी मात्र आपल्या लेखनात मनूची वचने पानोपानी देऊन वाचकाला ती वाचायला लावली. महाडला जाळली गेली ती ग्रंथाची हुकमत, म्हणजे तपासणीपलीकडे राहण्याचा त्याचा दावा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या नियोजित भाषणातील काही भाग गाळण्याची अपेक्षा धरली, त्यांनी नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. तेव्हा ते भाषण त्यांनी स्वतः छापले. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे आणि शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा ढळल्याशिवाय ती जाणार नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. सुधारकांच्या संस्थेलाही हे वाक्य पेलले नाही, इतका तो पहारा आत शिरलेला होता.

या साऱ्या इतिहासातून एक कसोटी मिळते, आणि ती केवळ धर्मग्रंथांपुरती नाही. पात्रतेची कोणतीही अट न्याय्य की अन्याय्य हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात: ती प्रयत्नाने पुरी करता येते का, आणि ज्याला ती लागू होते त्याला तिचा आधार वाचता, तपासता आणि नाकारता येतो का. आजही संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि खेड्यातल्या मराठी पक्षकाराला आपल्याच खटल्याचा निकाल दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागतो. येथे हेतू वर्चस्वाचा नसेल, पण दुसरी कसोटी येथेही पुरी होत नाही. ज्या समाजात नियमाखाली असलेला माणूस नियमाचे मूळ पान स्वतः उघडून वाचू शकत नाही, त्या समाजात अधिकाराचा निवाडा अजून व्हायचा आहे.