कुत्र्यासाठी सातबारा

लोणावळ्यात बंगल्याच्या फाटकाबाहेर सोडून दिलेल्या लॅब्रॅडॉरची हकीकत आठवडाभर सगळ्यांच्या फोनवर फिरते आहे, ती पुन्हा सांगत नाही. कुत्री सोडून जाणारे बंगलेवाले तर दर पावसाळ्यानंतर दिसतात. संताप आला तो पुढच्या नकाराचा. त्या मुक्या जिवाला रोज भात-सुकट घालणाऱ्या, त्याच्या कानातल्या गोचिड्या चिमटीने काढणाऱ्या कातकरी राखणदाराला प्राणिमित्रांनी तो दत्तक दिला नाही. दत्तकाच्या अर्जातल्या 'घर स्वतःचे आहे का' या रकान्यात त्याला 'हो' लिहिता आलं नाही.

म्हणे, पक्कं घर नसलं तर कुत्र्याचे हाल होतात! अहो, ज्या घराने त्याला हाकललं ते पक्कंच होतं. गुळगुळीत फरशी, कुंपणावर काचा, फाटकावर कॅमेरा, आणि वर्षातले दहा महिने कुलूप. कुत्रा भिजला तो त्याच फाटकाबाहेर. त्याला ऊब मिळाली ती कुडाच्या घरातल्या चुलीपाशी. राजमाचीकडच्या धनगरवाड्यांवर रात्रभर शेळ्या राखणारी कुत्री कुठल्या फ्लॅटमध्ये वाढली? स्लॅब पाहून माया ठरवणाऱ्यांनी एकदा वाडीवर जाऊन यावं.

वाडीवर कुत्र्याला लस कशी मिळणार, ही शंका रास्त आहे. पण लस वाडीवर जाऊनही टोचता येते.

आणि घर स्वतःचं का नाही, हेही विचारा. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कित्येक वाड्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. घर यांनी बांधलं, उतारा मात्र दुसऱ्याच्या नावावर. म्हणजे तो रकाना आडून जातच विचारतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तिथं जनावरांना पाणी प्यायची मुभा होती, अस्पृश्य माणसाला नव्हती. शंभर वर्षं होत आली, तरी जनावराची कदर करताना माणसाला पायरीखाली ठेवायची खोड गेलेली नाही.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावराला सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! टाकून देणारा पन्नास रुपयांत सुटतो आणि सांभाळणाऱ्याकडे सातबारा मागितला जातो. प्राणिमित्रांनो, घरतपासणी जरूर करा. सुरुवात बंद बंगल्यांपासून करा.