निर्वाहखर्च आणि योगक्षेम

दोन शहरांतील निर्वाहखर्चाची तुलना करताना अर्थशास्त्र एक टोपली कल्पिते. घरभाडे, किराणा, वीज, प्रवास, औषधपाणी अशा वस्तू व सेवा तिच्यात ठरावीक प्रमाणात घालावयाच्या आणि तीच टोपली दोन्ही ठिकाणी किती पैशांत भरते ते पाहावयाचे, अशी ही रीत असून तिच्यातून निघणाऱ्या आकड्याला निर्देशांक म्हणतात. या रीतीने पाहता अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील सर्वांत मोठे शहर शिकागो हे न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा बरेच स्वस्त ठरते आणि त्याचे मुख्य कारण घरांच्या दरांत असते. हिशोब म्हणून यात वावगे काही नाही. परंतु टोपलीत काय घालावे हे ठरविताच, माणसाला जगण्यास काय लागते या अंकगणिताच्या कक्षेबाहेरील प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन टाकलेले असते.

अपरिग्रहाचे, म्हणजे आवश्यकतेहून अधिक संग्रह न करण्याचे, तत्त्व मानणारा येथे असा आक्षेप घेईल की गरजा आटोपत्या घेतल्या की शहर आपोआप स्वस्त होते. या आक्षेपाला शिकागोच्याच इतिहासात एक बोलके उत्तर आहे. सर्वधर्मपरिषदेसाठी १८९३ च्या जुलैअखेरीस तेथे पोहोचलेल्या स्वामी विवेकानंदांना परिषद ११ सप्टेंबरला भरणार असल्याचे कळले, जवळचे पैसे झपाट्याने संपू लागले आणि सुमारे बारा दिवसांनी, खर्च कमी येईल म्हणून, त्यांनी बोस्टनची वाट धरली. संन्याशालाही छप्पर लागते आणि थंड मुलुखात उबदार कपडेही लागतात. संग्रह सोडता येतो, हवामान सोडता येत नाही. शिकागोच्या हिवाळ्यात घर तापविण्याच्या वायूचे बिल ही चैन मानणारा कोणी विरळाच.

गरज आणि हाव यांच्यातील सीमा कोठे आखावी, यासाठी भारतीय परंपरेतील ‘योगक्षेम’ ही संकल्पना अधिक उपयोगी पडते. गीतेच्या नवव्या अध्यायातील या शब्दाची फोड करताना शंकराचार्यांनी जे प्राप्त नाही ते मिळविणे म्हणजे योग आणि जे प्राप्त आहे त्याचे रक्षण म्हणजे क्षेम, असा अर्थ दिला आहे. निर्देशांक मोजतो तो बहुतांशी योगच. जॉन रायन या अमेरिकन कॅथलिक धर्मगुरूने १९०६ साली निर्वाहवेतनावरील ग्रंथात, माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेमुळेच कामगाराला सभ्य उपजीविकेचा हक्क पोहोचतो असे प्रतिपादन करताना भविष्यासाठीची तरतूदही त्या उपजीविकेत धरली होती, म्हणजे वेगळ्या परिभाषेत क्षेमाचाच आग्रह धरला होता.

हा भेद किती खरा आहे, ते शिकागोच्या पश्चिमेकडील नॉर्थ लॉनडेल या वस्तीत दिसले. सरकारी विम्याचे पाठबळ असलेली गृहकर्जे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना नाकारली जात असल्यामुळे १९५० आणि १९६० च्या दशकांत तेथील अनेक कुटुंबांनी करारावर घरे घेतली. या व्यवहारात किंमत बाजारभावाच्या कितीतरी वर लावली जाई, दुरुस्ती आणि कर खरेदीदाराने सोसावयाचे असत, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर राहत असल्याने एखादा हप्ता चुकला तरी घर आणि तोवर भरलेली रक्कम दोन्ही गमावण्याची पाळी येई. योग होता, क्षेम नव्हता; आणि ज्याच्याकडे कमी त्यालाच अधिक द्यावे लागत होते. धर्मोपदेशक असलेले मार्टिन ल्यूथर किंग १९६६ च्या जानेवारीत याच वस्तीतील एका भाड्याच्या घरात राहावयास आले, ही केवळ प्रतीकात्मक कृती म्हणून सोडून देणे योग्य नाही, कारण धर्माने पगारपत्रकाबरोबर भाडेपावतीही वाचली पाहिजे, असा दावा तीत होता. शहराची सरासरी या वस्तीविषयी काहीच सांगू शकत नाही. सरासरीत तिचे नुकसान इतरांच्या स्वस्ताईत विरघळून जाते.

करारावर घरे घेतलेल्या या कुटुंबांनी १९६८ साली संघटना उभारली आणि पुढे हप्ते रोखून धरले. करार नव्याने ठरवावेत, ही त्यांची मागणी होती.