पत्र्याचा भाव विचारणाऱ्या इंजिनिअरास

चिरंजीव,

तुझा मेल आणि घरभर गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्या, म्हणजे डक्ट, बदलायची सोबतची तिन्ही कोटेशनं वाचली. ९,००० डॉलर, १४,००० डॉलर आणि २२,००० डॉलर. खाली तुझा प्रश्न: "सर, पत्र्याच्या चार नळ्यांना एवढे पैसे? ९,०००वाल्याला हो म्हणून टाकू का?" मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या माणसाला हे विचारताना काहीच वाटलं नाही?

९,०००वाल्यानं काय लिहून दिलंय ते पुन्हा वाच. एकच ओळ आहे: "गरजेनुसार डक्ट बदलू." गरज कोणी ठरवली? कशावरून? २२,०००वाल्यानं मात्र प्रत्येक खोलीला किती उष्णता लागते त्याचा तक्ता जोडलाय आणि तुझ्या हीट पंपापाशी हवेचा दाब मोजून आकडा लिहिलाय: ०.९ इंच पाणी. बहुतेक घरगुती ब्लोअर ०.५ इंचाच्या आसपास चालतील असे बनवलेले असतात. अख्ख्या गठ्ठ्यात कामाचा आकडा तेवढा एकच होता, आणि नेमक्या त्याच कागदावर तू "महाग" असा शेरा मारलास! तोही पट्टी न लावता वाकडातिकडा.

न्यू जर्सीतलं तुझं घर १९५४ सालचं. त्यातले डक्ट त्या काळच्या फर्नेससाठी घातलेले. फर्नेस ५०-५५ अंश सेल्सियसची हवा सोडते. गेल्या वर्षी तू बसवलेला हीट पंप साधारण ३५-४० अंशांची सोडतो. तेवढीच उष्णता पोचवायची तर हवा जास्त लागणार की नाही? मग ती जुन्या अरुंद नळ्यांतून जाणार कशी? वरच्या मजल्यावरची मुलांची खोली गार राहिली, तेव्हा तू यंत्रवाल्याशी भांडलास आणि आता आणखी मोठं यंत्र घ्यायच्या गोष्टी करतोस. याला म्हणतात दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. सहा इंचांची गोल नळी सात इंचांची केली, तर त्याच दाबाला जवळजवळ दीडपट हवा जाते. हे तुला शिकवलं होतं, परीक्षेतही विचारलं होतं.

आता गळतीचं बघू. अमेरिकेतल्या साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा फटींतून आणि सुटलेल्या सांध्यांतून वाया जाते, असं तिथलाच एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो. तीन टनांच्या यंत्राला मिनिटाला सुमारे १,२०० घनफूट हवा लागते. पाव हिस्सा गळाला तर ३०० घनफूट गेली. बेसमेंटमध्ये गळाली तर निदान थोडी घरातच राहते. अॅटिकमध्ये गळाली तर तू पैसे भरून आभाळ तापवतोयस. आणि परतीच्या, म्हणजे खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या, डक्टला फट असेल तर बेसमेंटमधली हवा आत खेचली जाते, पाणी तापवायच्या गॅस हीटरचा धूर चिमणीऐवजी घरात फिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मी सांगायला हवं का?

"पत्र्याचे पैसे" म्हणतोस? पत्रा त्या बिलात किरकोळ आहे. पैसे जातात ते मजुरीत. नव्या घरात उघड्या भिंतीतून डक्ट सोडणं सोपं. तुझ्याकडे प्लास्टर फोडायचं, जुना डक्ट कापून काढायचा, नवा बसवायचा, भिंत पुन्हा बुजवून रंगवायची, परवाना काढायचा, शेवटी गळतीची चाचणी करायची. ९,०००च्या कोटेशनमध्ये यातलं काय काय नाही ते शोधून काढ. भिंत उघडी पडल्यावर ते सगळं "एक्स्ट्रा" म्हणून तुझ्याच माथी येईल.

खरा राग मला पुढच्या वाक्याचा आला. "जुन्या डक्टवरचा पांढरा कागदी पट्टा शनिवारी मीच खरवडून काढतो, तेवढीच बचत." खबरदार! त्या काळातल्या डक्टच्या सांध्यांवर असा पांढरा कागद असला, तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असण्याची दाट शक्यता असते. जागच्या जागी शाबूत असेल तोवर तो गप्प असतो. खरवडलास की त्याचे तंतू हवेत, आणि तिथून मुलांच्या फुफ्फुसांत. नमुनासुद्धा जाणकाराकडून घे, प्रयोगशाळेत तपासून घे. अ‍ॅस्बेस्टॉस निघाला तर काढायला परवानाधारक माणूसच बोलाव. इथली बचत मला सांगूही नकोस.

फटींवर डक्ट टेप मारायचा विचारही सोड. नाव काही असो, १९९८ साली बर्कलेच्या लॉरेन्स प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तापवून-गार करून पाहिलं, तर हाच कापडी टेप सांध्यांवर टिकला नाही. सांध्याला मॅस्टिक नावाचा लेप लावतात.

खर्च कमी करायचाय ना? जरूर कर, पण अक्कल वापरून. आधी अॅटिकचं इन्सुलेशन वाढव, खिडक्यादारांच्या आणि छताच्या फटी बुजव. घराची गरजच घटली तर कमी हवा पुरते आणि काही जुन्या नळ्याही चालून जातात. बेसमेंटमधला मुख्य डक्ट हाताशी आहे, तो आणि परतीचा डक्ट बदल. भिंतीतले धड असतील तर आतून सील करता येतात, भिंत फोडावी लागत नाही. मुलांच्या एका खोलीसाठी भिंतीवरचं छोटं डक्टविरहित युनिट स्वस्त पडतं का, तेही विचार. ही सगळी कामं तू यंत्र घेण्याआधी करायची होतीस. क्रम उलटा केलास, त्याचं हे बिल आहे.

आता मुकाट्यानं ऐक. तिघांनाही एकच यादी पाठव: खोलीवार उष्णतेचा हिशेब, त्यावरून काढलेली डक्टची मापं, कामाआधी आणि कामानंतरचा दाब, गळतीचा आकडा, भिंतदुरुस्ती आणि परवाना कोणाच्या खर्चानं. जो लेखी देणार नाही त्याचं नाव खोड, मग तो फुकट करून देत असला तरी. उरतील त्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून मला पाठव. या वेळी पट्टी लावून.