निवाडा देवावर सोपवताना
अमेरिकेतील व्हर्जिनिया बीच या शहरात वाढलेले जीन आणि टेरेन्स थॉर्नटन हे भाऊ हिप-हॉपच्या जगात मॅलिस आणि पुशा टी या नावांनी, आणि त्यांची जोडी 'क्लिप्स' या नावाने ओळखली जाते. या जोडीने जवळपास 16 वर्षांच्या खंडानंतर 11 जुलै 2025 रोजी जो अल्बम प्रसिद्ध केला, त्याचे 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' हे शीर्षकच एका जुन्या धर्मशास्त्रीय वादाला हात घालणारे आहे. खरा कोण आणि खोटा कोण हे देवच निवडून काढील, असा त्याचा आशय आहे. माणसाच्या कृत्यांचा अंतिम निवाडा देवावर सोपवणे ही नम्रता आहे की जबाबदारी झटकण्याची सोय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि अल्बमभर तो पाठ सोडत नाही.

हे वचन मुळात रक्ताने माखलेले आहे. इसवी सन 1209 मध्ये दक्षिण फ्रान्समधील बेझिए या नगरावर, कॅथर नावाच्या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाचा नायनाट करण्यासाठी निघालेली धर्मसेना चालून गेली, तेव्हा नगरातले श्रद्धाळू आणि पाखंडी ओळखायचे कसे, असे सैनिकांनी विचारल्यावर पोपचा प्रतिनिधी असलेल्या आर्नो अमालरिक या मठाधिपतीने सर्वांनाच ठार करा, देव आपली माणसे ओळखतो, असे उत्तर दिल्याची कथा सांगितली जाते. ती हायस्टरबाखच्या सीझेरियस या जर्मन साधूने सुमारे दशकभरानंतर लिहून ठेवली, त्यामुळे ते उद्गार खरोखर निघाले की नाही याविषयी इतिहासकारांना शंका आहे. कत्तल मात्र निःसंशय झाली. विसाव्या शतकात याच उद्गारांची आवृत्ती अमेरिकन सैनिकांच्या तोंडी रुळली आणि तेथून ती लोकभाषेत उतरली.

तरीही हाच विचार शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र आणि शिकवण सांगणाऱ्या ग्रंथांत, नेमक्या उलट हेतूने आलेला आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील दृष्टांतात शेतात गव्हाबरोबर निदणही उगवते, चाकर ते उपटायला निघतात, आणि धनी त्यांना अडवतो, कारण निदण उपटताना गहूही उपटला जाईल. दोन्ही वेगळे करायचे ते कापणीच्या वेळी. निवड देव करणार आहे, म्हणून माणसाने हात आवरावा, असे येथे सुचवले आहे, तर बेझिएत निवड देव करणार आहे म्हणून माणसाने हात सैल सोडावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. एकाच श्रद्धेतून संयमही निघतो आणि परवानाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय क्लिप्सच्या शीर्षकाचे वजन कळत नाही.

या भावांची 2002 सालच्या 'लॉर्ड विलिन'पासूनची कीर्ती ज्या गीतांवर उभी आहे, त्यांचा विषय बहुतांशी कोकेनचा व्यापार हाच होता. त्यांच्या माजी व्यवस्थापकाला अमली पदार्थांच्या व्यापाराबद्दल 2010 मध्ये 32 वर्षांची शिक्षा झाली. त्याच सुमारास मॅलिस ख्रिस्ताकडे वळला, त्याने 'नो मॅलिस' असे नाव घेतले आणि क्लिप्स थांबली. नव्या अल्बमात तो 'मॅलिस' याच नावाने परतला आहे, आणि जुना विषयही बराचसा त्याच्यासोबत परतला आहे.

पश्चात्ताप झालेल्या माणसाने जुने पाप पुन्हा गाणे गैर आहे का? संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनपर ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीचा विचार करताना असे निरीक्षण नोंदवले आहे की जुने दुःख दुःखी न होता आठवता येते आणि जुनी वासना तिची ओढ न वाटता आठवता येते. पापनिवेदन शक्य होते ते या अंतरामुळेच. परंतु रॅप, म्हणजे तालावर लयबद्ध बोलण्याची ही कला, ते अंतर सहजासहजी राखू देत नाही, कारण यमक जिथे चपखल बसते आणि शब्द जिथे ठेक्यावर अचूक पडतो, तिथे श्रोत्याला आणि गाणाऱ्यालाही आनंदच होतो, मग बोलण्याचा विषय तराजू आणि पुड्या असला तरी. म्हणून मॅलिसच्या धर्मांतराची कसोटी तो काय सांगतो यापेक्षा ते सांगताना त्याला किती गोडी वाटते, यावर लागते. या कसोटीवर अल्बमाचा मोठा भाग टिकत नाही, कारण त्यातली कारागिरी इतकी सुरेख आहे की खंतीची जागा अभिमान घेतो.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ज्या समाजातून हे गायक आले, त्याने माणसांच्या न्यायालयाची निवड फार जवळून पाहिलेली आहे. 1986 च्या संघराज्यीय कायद्याने 5 ग्रॅम क्रॅकसाठी, म्हणजे कोकेनपासून केलेल्या स्वस्त खड्यांसाठी, जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली, तीच कोकेनच्या भुकटीच्या बाबतीत 500 ग्रॅमनंतर लागू होत असे. क्रॅकच्या गुन्ह्यांत शिक्षा होणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते, आणि 2010 मध्ये वजनांतली ही तफावत 18 पटींवर आणली गेली तरी ती पुरती मिटली नाही. अशा न्यायापेक्षा देवाचा न्याय बरा, ही भावना म्हणूनच पळवाट ठरत नाही. तिच्यामागे अनुभव आहे.

अल्बमातले पहिलेच गीत, 'द बर्ड्स डोन्ट सिंग', या सगळ्याच्या वरच्या पातळीवर उभे आहे, आणि 13 सप्टेंबर 2025 रोजी व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात झालेल्या मैफलीत क्लिप्सने तेच सादर केले, हे योग्यच झाले. थोड्या महिन्यांच्या अंतराने गेलेल्या आईवडिलांचा तो शोक आहे. पुशा टी आईशी झालेले अखेरचे बोलणे आठवतो. मॅलिस वडिलांच्या दारी उभा असतो, त्यांची गाडी बाहेरच असते, दार वाजवूनही उघडत नाही, आणि तिसऱ्या थापेला त्याच्या अंगावर काटा येतो. याच गीतात तो सांगतो की पुन्हा रॅप करू का, असे त्याने वडिलांना विचारले होते आणि त्यांनी आशीर्वाद दिला होता. शीर्षकात निवाडा देवावर सोपवणाऱ्या या माणसाने स्वतःवर वेळ आली तेव्हा निर्णय मागितला तो घरातल्या वडीलधाऱ्याकडे, ज्याने त्याची दोन्ही आयुष्ये पाहिली होती. देवावर सोपवण्याआधी माणसांना विचारायचे असते, हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच त्याचे परतणे प्रामाणिक वाटते. मात्र वडिलांचा आशीर्वाद गाण्यापुरता होता. ज्यांची घरे कोकेनच्या व्यापाराने उद्ध्वस्त केली त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार वडिलांकडे नव्हता, आणि त्या घरांतल्या कोणालाही हा अल्बम बोलू देत नाही.