आधी पाठ, मग बैठक

सॅडल अजून आणायची नाही. आधी घोडीपाशी नुसतं उभं राहायचं.

समजा, मार्गशीर्षातली सकाळ आहे. कोरेगावच्या शिवारात, तिळगंगेच्या अंगाला, घेवडा निघाल्यावर मोकळं ठेवलेलं एक रान आहे. जरंडेश्वराचा डोंगर अजून निम्मा धुक्यात आहे. रानात दोन पिंपांवर एक आडवा बांबू ठेवलाय, गुडघ्याएवढ्या उंचीवर. घोडी तुमची आहे. तिला उडीची हौस आहे आणि तुम्हालाही. मधे आडकाठी एकच, दोघांनाही मानवेल अशी जंपिंग सॅडल मिळायची आहे. बाजारात ती मिळेलही, पण तिथे विचारायचं काय, हे इथे रानात ठरतं.

डोळे मिटले तरी चालतील. मात्र तिच्या श्वासाशी आपला श्वास जुळवायच्या भानगडीत पडू नका. निवांत उभा घोडा मिनिटाला दहा-बारा श्वास घेतो. तुमचा तुम्ही घ्या.

आता डावा तळवा तिच्या आयाळीच्या शेवटाशी ठेवा. मान संपते तिथे हाताला हाडाचा उंचवटा लागेल. घोडेवाले त्याला ‘विदर्स’ म्हणतात. मणक्यांची लांब टोकं तिथे वर आलेली असतात आणि त्यांच्यावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. तळवा हळूच बाजूला उतरवा. तिथे रुंद, चपटं हाड आहे, खांद्याचा फरा. सईसाला सांगा, तिचा पुढचा पाय उचलून अलगद पुढे ओढ. तुमचा हात हलवू नका.

फऱ्याची वरची कड तुमच्या तळव्याखालून मागे सरकते. एखाद-दुसरा इंच नव्हे, चांगली तीन-चार बोटं. पाय सोडला की पुन्हा पुढे जाते. सईसाला आणखी एकदा करायला सांगा, आणि आणखी एकदा. घाई नाही. या सरकण्यावर मन थोडा वेळ ठेवा, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं. घोड्याला हासळीचं हाड नसतं. तुमचे हात हाडानं छातीला जोडलेले आहेत, तिचे पुढचे पाय नाहीत. तिचं एवढं मोठं धड दोन फऱ्यांच्या मधे नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेलं आहे. उडीच्या क्षणी ती पुढचे पाय मुडपून वर घेते तेव्हा फरे असेच मागे-वर फिरतात. त्या वाटेवर सॅडल बसलेली असेल, तर उडी घेणं म्हणजे दर वेळी फऱ्यानं सॅडलच्या आतल्या लाकडाला धडकणं.

हात मागे न्या, बरगड्या मोजत नेल्या तरी चालेल. अठरा जोड्या असतात. शेवटची बरगडी सापडली की तिच्या कडेनं बोट वर, कण्यापर्यंत न्या. त्याच्या मागे कंबर. तिला खालून बरगडीचा आधार नाही, वजन पेलायला ती घडलेलीच नाही. म्हणजे पुढे फरा, मागे शेवटची बरगडी. सॅडलची जागा या दोन खुणांच्या मधली. आखूड पाठीच्या घोडीत ती इतकी थोडी असते, की पहिल्यांदा कळतं तेव्हा आपल्याला आपल्याच मांड्यांची लाज वाटते.

आता कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर सपाट हात दाबत न्या आणि नजर तिच्या कानांवर ठेवा. घोडा ही शिकार होणाऱ्यांची जात. दुखणं दाखवलं तर लांडगा आधी आपल्याकडे येणार, हे त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे ती ओरडणार नाही. कातडी थरथरेल, एक कान मागे जाईल, ती अर्धं पाऊल सरकेल, शेपटीचा एक फटका मारेल. एवढीच तिची फिर्याद. तंग आवळताना पोट फुगवणं, चढताना चालू लागणं, उडीच्या तोंडाशी येऊन थांबणं, हीही फिर्यादच, फक्त थोडी मोठ्या आवाजातली. आपण तिला खोड म्हणतो. ‘खोडकर’ म्हणून विकल्या गेलेल्या घोड्यांपैकी किती जणांच्या पाठीवर कुणी असा हात फिरवला असेल, कोण जाणे. निदान विकत घेणाऱ्यानं तरी फिरवावा.

पाठ पाहायची सवय आपल्याला नाही, आपण स्वार पाहतो. आषाढीच्या वाटेवर लोणंदहून तरडगावकडे जाताना, चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, ते आठवा. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले दोन घोडे धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी नाही. ते माउलींचं आसन. हजारो माणसांची नजर त्या स्वार नसलेल्या पाठीवर असते, आणि धावून गेल्यावर त्याच्याच टापांखालची माती कपाळाला लागते. भक्तीचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा. आपल्यापुरतं एवढं पुरे, की वर्षातून एकदा इथल्या माणसाला पाठीकडे बघता येतं. तसंच आता बघा.

कुणाची पाठ आहे ही? पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड असेल, तर विदर्स उंच, आणि काम सुटल्यामुळे फऱ्यामागे दोन्ही बाजूंना खळगे पडलेले. मारवाडी असेल तर अंग चिंचोळं. आणि भीमथडी असेल, आपल्या भीमा-नीरेकडची, तर चण लहान, पण चिवट. फलटण-माण-खटावकडचे धनगर अजून या घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणाची वाट धरतात. वाड्यावरच्या बाया लादणी करताना पाहा. भांडी, घोंगडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, सगळं दोन्ही बाजूंना असं वाटतात की कण्यावर काहीच येत नाही. कुणी मोजमाप घेत नाही. एक बाजू ओढते आहे हे त्यांना घोड्याच्या चालीवरून कळतं.

आता सॅडल आणा.

चढवायच्या आधी ती उलटी करून मांडीवर घ्या. वरून दिसतं ते कातडं. आत एक सांगाडा असतो, लाकडाचा आणि पोलादी पट्ट्यांचा, हल्ली काही ठिकाणी प्लास्टिकचा. त्याला ‘ट्री’ म्हणतात. त्याच्या पुढच्या कमानीची दोन टोकं विदर्सच्या दोन्ही अंगांना खाली उतरतात. ही कमान किती उघडी आहे, यावर अर्धा निकाल लागतो. खाली दोन लांबट गाद्या, लोकर भरलेल्या. दोहोंच्या मधून पुढून मागपर्यंत एक पन्हळ. तीन-चार बोटं त्यात आडवी मावायला हवीत आणि ती रुंदी शेवटपर्यंत टिकायला हवी, कारण त्या पन्हळीखाली तिचा कणा आहे.

नमदा न घालता सॅडल तिच्या पाठीवर ठेवा, जरा पुढेच, आणि केस बसतील अशी मागे सरकवा. एका जागी ती आपोआप थांबेल. थांबली की हात काढा. पुढे ओढायचा मोह होईल, ओढू नका. मघाशी जिथे फऱ्याची कड मागे येऊन थांबली होती, तिच्या मागे ट्रीचं टोक आहे ना? विदर्सवर दोन-तीन बोटं मोकळी आहेत ना? मागे जाऊन, लाथेच्या टप्प्याबाहेर, वाका आणि पन्हळीतून पुढे पाहा. उजेड दिसायला हवा. मग गादीखाली तळवा सारून पुढून मागे न्या. दाब सगळीकडे सारखा लागला तर उत्तम. पुढे-मागे घट्ट आणि मधे हात सैल पडला, तर ती पाठीवर पुलासारखी उभी आहे. तुमचं सगळं वजन चार ठिकाणी टोचणार.

दुकानदार म्हणेल, जाड नमदा घाला, बसेल. कमान अरुंद असेल तर जाड नमद्यानं ती आणखी आवळते. तो असंही म्हणेल, की वापरता वापरता सैल होईल. कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस चावते आणि मग पायाची होते, हे आपण जन्मभर अनुभवतो, म्हणून हे पटतंही लगेच. पण चप्पल आपण दारात काढून ठेवू शकतो. ट्रीचं पोलाद पाठीची समजूत घालत बसत नाही. पाठीवर पांढरे केस उगवतात तेव्हा लोक त्याला डाग म्हणतात. ती दाबानं मेलेली जागा असते.

आता रिकिबीत पाय घाला. अलगद चढा आणि चालवा. दुडकीही नको. आता मन स्वतःच्या अंगात आणा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातला स्वार उडी मारताना मागे रेलायचा, लांब रिकिबीत पाय पुढे ताणून. घोडा उतरताना त्याचं वजन घोड्याच्या कमरेवर आणि लगाम तोंडावर यायचा. इटलीच्या घोडदळातला फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) म्हणाला, घोड्याला त्याची उडी मारू द्या, तुम्ही त्याच्या बरोबर पुढे झुका. रिकीब आखूड झाली, गुडघा पुढे आला, बूड सॅडलवरून उचललं गेलं. आज तुमच्या मांडीखालचा फ्लॅप पुढे झुकलेला दिसतो तो या माणसामुळे. जंपिंग सॅडल म्हणजे मुळात त्याच्या म्हणण्याला कातड्याचा आकार.

रिकीब दोन-तीन भोकं वर घ्या आणि उभे राहा. गुडघा फ्लॅपच्या कडेबाहेर जातो का? मांडीचं हाड लांब असेल तर जाणारच, आणि मग तुम्ही बैठक मागे ढकलून कसर भरून काढणार. टाच तुमच्या नितंबाच्या रेषेत खाली उतरते का, की रिकिबीचा पट्टा अडकवायचा लोखंडी आडवा फार पुढे असल्यानं पाय पुढे निसटतोय? लगामाचा आधार न घेता दहा पावलं असे राहू शकता का? बैठकीच्या इंचांवर लोक फार बोलतात, साडेसोळा की साडेसतरा. ते महत्त्वाचं आहेच. पण तोल बसून कळत नाही, उभं राहिल्यावर कळतो.

आणि उभं राहिल्यावर वजन जातं कुठे? तुम्हाला वाटलं, बूड उचललं म्हणजे घोडी हलकी झाली. सगळा भार रिकिबीच्या पट्ट्यांतून त्या लोखंडी आडव्यावर आणि तिथून ट्रीच्या पुढच्या भागात उतरतो, बरोब्बर फऱ्याच्या मागे. इथे थांबून नीट पाहा. आपण इतका वेळ दोन मापं वेगळी धरत होतो, घोडीचं आणि स्वाराचं. ती वेगळी नाहीत. सॅडल तिला बसली आणि तुम्हाला नाही, तर तुम्ही उडीत मागे पडणार, उतरताना तिच्या कमरेवर आदळणार, तोल सावरायला तिचं तोंड ओढणार. तुम्हाला बसली आणि तिला नाही, तर काय होतं ते मघाशी हातानं पाहिलंच. चूक कुणाच्याही मापात असो, भरपाई तीच करते.

जुन्या फौजेला हे हिशेब ठाऊक होते. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक नालबंद, एक पखालजी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवछत्रपतींनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असा त्याचा रोख. ते वाचताना आपण त्यातल्या रयतेच्या कळवळ्याशी थांबतो, तो आहेच. पण त्यात मुक्या जनावराचा जाब माणसाकडे मागितलेला आहे, हेही वाचावं. आजच्या रायडिंग क्लबात एकच सॅडल सकाळच्या सहा घोड्यांवर फिरते तेव्हा आपण सगळे बारगीर असतो. बिघडली पाठ तर ती क्लबाची.

बांबूवरून एकच उडी घ्या. नंतर थोडी चाल, थोडी दुडकी, घाम फुटेपर्यंत. मग उतरा, सॅडल काढा, पाठ पुसू नका. ओला भाग दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते पाहा. भर घामात मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली, तर तिथे दाब इतका असू शकतो की घामही निघाला नाही. तिथे पुन्हा हात ठेवा, तसाच सपाट. कान पाहा.

सगळं जमलं तरी सॅडल कायमची जमली असं समजू नका. कामाला लागलेल्या घोडीची पाठ तीन महिन्यांत भरते, उन्हाळ्यात वैरण आटली की उतरते. लोकर काढून-भरून गाद्या नव्यानं बसवता येतात, काही ट्रींची कमानही बदलता येते. वर्षातून दोन-तीनदा हे सगळं पुन्हा पाहावं लागतं. आणि जमलंच नाही, तर सॅडल परत करा, ती कानपूरची असो की जर्मनीची. फ्लॅप दुसरा मिळेल, कणा मिळणार नाही. तोवर उड्या बंद. घोडीला मोकळ्या पाठीनं, हातात धरून, रोज जरंड्याच्या चढाला चालवा. चढावर पाठ भरते. महिन्याभरानं माप घ्यायला बसाल तेव्हा कमान आजच्यापेक्षा रुंद लागेल, हे सॅडलवाल्याला आत्ताच सांगून ठेवा.